कोपऱ्यातल्या दातावरची रेघ

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय मोडलाय, ती मी विमा विकायला येणाऱ्यांसाठी ठेवलीय — इकडे या, या पेटीवर बसा, ते खोगीर सरकवा जरा. हां. आणि मला मॅडम म्हणू नका हो. फाटकातून आत आल्यापासून अकरा वेळा मॅडम म्हणालात, मला वाटायला लागलं की माझीच दाढ काढायला आलात. ताई म्हणा. आमचा नालबंद मला म्हातारी म्हणतो, तोंडावर नाही म्हणत, पण ही खिडकी कायम उघडी असते आणि त्याचा आवाज मोठा आहे. तर कुठे होतो आपण? फी. फीचं सांगत होते. तुम्ही पाकीट काढलंत तेही बघितलं मी, ठेवा ते परत खिशात, आधी चहा घ्या. पाकीट काढायची एवढी घाई असलेला माणूस मी या धंद्यात पहिल्यांदाच बघतेय.

फी कोणाची, तर साहेबांची. साहेब म्हणजे तो पलीकडचा, काळा, अंगावर माशी बसली तरी अपमान झाल्यासारखा बघतो ना, तो. आणि हा अलीकडचा, बुटका, पोट सुटलेला, ज्याच्याशी तुमची मुलगी कुंपणावर हनुवटी टेकून बोलतेय — तो कारकून. खरं नाव काहीतरी मोठं होतं त्याचं, पण कामामुळे हेच पडलं. मघाशी ती फळी बघितलीत ना? घोडी एका बाजूला उभी करायची, कारकून दुसऱ्या बाजूला. हा मान पुढे काढून चौकशी करणार. घोडीनं कान पाडले, किंचाळली, फळीवर लाथ घातली, की समजायचं अर्ज नामंजूर, पुढच्या आठवड्यात या. शेपूट बाजूला करून शांत उभी राहिली की मंजूर. आणि मंजूर झालं रे झालं की कारकुनाला बाहेर काढायचं आणि साहेबांना आणायचं. साहेब येतात, सही करतात, जातात. हसू नका, सगळ्या लाथा कारकूनच खातो हो. साहेबांना ओरखडा आला तर माझं दुकान बंद होईल, म्हणून हा. तुमची घोडी मघाशी कशी उभी राहिली पाहिलंत ना? देवळात उभी राहावी तशी. म्हणजे आज लावता येईल, उद्याही येईल, परवाचं मी सांगू शकत नाही. म्हणून तर तुम्हाला आत बोलावलं. एरवी मी गिऱ्हाइकाला चहा पाजत नाही, विचारा कोणालाही.

बरं, खर्च ऐकायचाय ना? ऐका. फी हा सगळ्यात लहान खर्च. राहिली नाही तर पुढच्या माजाला पुन्हा आणा, त्याचे पैसे घेत नाही मी. राहिली, की पंधराव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर बोलवायचे, ते मशीन लावून बघणार — एक आहे का दोन. दोन असले की आनंदानं उडी मारू नका, घोडीला जुळं म्हणजे बहुतेक दोन्ही हातची जातात, एक तेव्हाच चिमटून काढावं लागतं. मग अकरा महिने. अकरा! तुम्ही चेहरा का पाडलात? तुम्हाला कुठे गाभण राहायचंय. पहिले काही महिने बसता येतं तिच्यावर, मग बंद. शेवटच्या तीन महिन्यांत खुराक दीडपट, मोठा खण, स्वच्छ पेंढा, टोचण्या, कृमीचं औषध, आणि शेवटी पंधरा दिवस कोणीतरी डोळ्यात तेल घालून जवळ बसायला हवं. तुम्ही बसाल? दवाखाना बंद ठेवून? लोक दाढा धरून दारात बसतील तुमच्या. बरं, झालं शिंगरू. सुंदर, लांब पायांचं, सगळं घर वेडं होतं. मग सहा महिन्यांनी तोडायचं आईपासून, त्याला सोबती हवा, त्याला माणसाच्या हाताची सवय लावायला हवी, नर असला तर खच्ची करायला हवा. आणि त्याच्या पाठीवर कोणी बसायचं म्हणाल तर चार वर्षं विसरा. तेवढ्या खर्चात तयार, शिकवलेला, शहाणा घोडा मिळतो बाजारात, वर दोन खोगिरं. मी हे सगळ्यांना सांगते. आणि सगळे मान हलवतात आणि म्हणतात, ते ठीक आहे हो, पण आम्हाला हिचंच हवंय.

तुम्ही नाही म्हणालात पण तसं. तुम्ही म्हणालात, "एकदा लावून बघू, नाही राहिली तर नाही." हे वाक्य माझ्या कानात बसलंय. दोनदा म्हणालात. एकदा फोनवर, एकदा फाटकात. नाही राहिली तर नाही, हे म्हणताना माणूस जरा पडेल आवाजात म्हणतो. तुम्ही तर अगदी उत्साहानं म्हणालात!

मुलीचं तसं नाही. ती तुमच्याआधी माझ्याशी बोललीय, माहितीय ना? तुम्ही गाडी मागे घेत होतात तेव्हा. वही आहे तिच्याकडे. शिंगराची नावं, नर असला तर डाव्या पानावर, मादी असली तर उजव्या, आणि खोडाखोड अशी की काही नावांवर खूप भांडण झालंय तिचं स्वतःशीच. पंधरा ना? पंधराच वाटली. मला विचारलं तिनं, घोडीला त्रास होईल का. पहिला प्रश्न तो. साहेबांचा रंग, उंची, कोणाचा कोण — ते नंतर. चांगली आहे हो मुलगी. तुमच्यावर गेलेली नाही, निदान प्रश्न विचारण्यात तरी.

घ्या, बिस्किट घ्या. गोड चालतं ना तुम्हाला, का दातांचे डॉक्टर घरी लपून खातात? आता मला एक सांगा. घोडी चौदा वर्षांची म्हणालात. फोनवर चौदा. गाडीतून उतरल्या उतरल्या, मी काही विचारायच्या आत, चौदा. मुलगी शेजारी असताना जरा मोठ्यानं, चौदा. बरं. चौदा तर चौदा. मग मी तिचा ओठ वर केला, कारण ती माझी सवय आहे, लोक नमस्कार करतात तसा मी घोड्याचा ओठ वर करते — आणि तुम्ही कुठे बघत होतात? आभाळात. तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकं घालणारा माणूस, एवढं मोठं तोंड समोर उघडलं, इतके लांबलचक पिवळे दात, तुमच्या दवाखान्यात जन्मात येणार नाहीत असे — आणि तुम्ही ढग बघताय! मी मनात म्हटलं, म्हातारे, याला ठाऊक आहे.

नका बोलू, चहा सांडाल. वरचा कोपऱ्यातला दात. त्याच्यावर एक रेघ उतरते, तपकिरी, हिरडीपासून खाली. दहाव्या वर्षी जेमतेम डोकावते, पंधराव्या वर्षी अर्ध्यावर येते, विसाव्याला टोकाला टेकते. तुमच्या घोडीची रेघ अर्ध्याच्या पुष्कळ खाली गेलीय. अठरा. सतरा म्हणा तुमच्या समाधानासाठी. चौदा नाही, आणि हे तुम्हाला आजच कळलेलं नाही. घेतली तेव्हाच बघितली असणार तुम्ही ती रेघ, पुस्तक आणून वाचलंही असेल, तुमचा चेहरा पुस्तक आणून वाचणाऱ्याचा आहे. म्हणजे किती, सहा वर्षं झाली? तेव्हा बारा होती, आणि मुलीला सांगितलंत आठ. का हो? स्वस्त मिळाली म्हणून? मुलीसमोर आपला बाप चिक्कू दिसायला नको म्हणून चार वर्षं कापलीत? मी बघितलेत असे लोक, घोड्याचं वय कापतात आणि स्वतःचंही —

अच्छा.

त्याच वर्षी. बरं. मुलगी नऊ वर्षांची होती म्हणजे. आणि आई गेल्यावर महिन्याभरात घोडी आली, आणि तिनं पहिलं काय विचारलं तर ही किती वर्षं जगेल. हं. मग काय सांगणार होतात तुम्ही. मीही आठच सांगितलं असतं. कदाचित सहा सांगितलं असतं. चिक्कू म्हणाले ते परत घेते मी, ते बिस्किट तेवढं संपवा.

पण आता बघा कसे अडकलात. ती हिशेब करतेय चौदाचा. चौदा म्हणजे एक शिंगरू सहज, घोडी घरी, शिंगरू घरी, दोघं एकत्र वाढतील. आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही, कारण का नाही, असं तिनं विचारलं की वय सांगावं लागतं, आणि वय सांगितलं की सहा वर्षं सांगत होतात ते काय, ते सांगावं लागतं. म्हणून ठरवलंत, एकदा लावू. अठराव्या वर्षी, त्यात पहिलटकरीण, राहत नाहीच सहसा. आपण नाही म्हणायचं नाही, घोडीच नाही म्हणेल. मुलगी दोन दिवस रडेल, ताईंना दिलेली फी जाईल, आणि तुम्ही सुटलात. बरोबर? बघा, मान हलली तुमची. चांगली युक्ती आहे. अगदी चांगली युक्ती आहे, मला ठाऊक आहे किती चांगली आहे ते, कारण ती माझी आहे. मी केलीय ती, तुमच्या आधी.

नाही, तुमच्यासारखं काही नव्हतं माझं कारण. माझं कारण लाजिरवाणं आहे, आणि ते मी कोणाला सांगत नाही, तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक, पेटीवर असे अवघडून बसलाय म्हणून असेल. आमच्याकडे एक तांबडी होती. मी घेतली होती, बाजारात, मी एकटीनं, नवरा आजारी होता म्हणून. आणि मी म्हणजे कोण — लोक मला दुरून बोलवायचे घोडा पारखायला! मी खालचे दात बघितले, वयाबरोबर झिजून जातात त्या खळ्या जागच्या जागी, काळ्या, छान. नऊ वर्षांची, मी ठरवलं. घरी आणली, आठवड्यानं सहज ओठ वर केला, आणि वर बघते तर रेघ अर्ध्याच्या जवळ. विकणाऱ्यानं खालच्या दातांत खळ्या कोरल्या होत्या आणि तापल्या सळईनं काळ्या केल्या होत्या. जुनी लबाडी आहे, पोराटोरांना माहीत असते. वरची रेघ कोणाला कोरता येत नाही, आणि मी ती बघितलीच नव्हती. का, तर शेजारी दोन दलाल उभे होते आणि मला दाखवायचं होतं की मला एका नजरेत कळतं. आता हे घरी कोणाला सांगू? नाही सांगितलं. नऊ तर नऊ. नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. मुलगा तेव्हा दहाचा असेल. त्याला वाटायचं आईला घोड्यातलं सगळं कळतं. मला ते वाटणं फार आवडायचं हो.

चौदाचा झाला तेव्हा म्हणाला, तांबडीचं शिंगरू हवं. साहेब तेव्हा ऐन भरात, घरचाच घोडा, फी नाही, अडचण काय? त्याच्या हिशेबानं ती तेरा. खरी अठरा. माझ्याकडे कारण नव्हतं नाही म्हणायला, एकच कारण होतं आणि ते मी गिळून बसले होते. मग मी म्हटलं — काय म्हटलं असेन? "एकदा लावून बघू, नाही राहिली तर नाही." हेच. आणि आत जाऊन सुटल्यासारखं वाटलं, तेही आठवतंय. आणि पहिल्या खेपेला राहिली ती. पंधराव्या दिवशी मशीनवर तो ठिपका दिसला आणि मुलगा माझ्या गळ्यात पडला. तेव्हाही सांगता आलं असतं. तेव्हाही! डॉक्टरांना म्हणाले असते, काढून टाका. अकरा महिने होते हो माझ्याकडे, रोज सकाळी म्हणायचे, आज सांगते.

व्याली उत्तम. भर सकाळी, वेळेवर, काही खळखळ नाही. शिंगरू उठलं, प्यायलं, मुलगा पेंढ्यात बसून हसत होता. आणि दुपारी तांबडीला घाम फुटला. आतली रक्तवाहिनी फुटली होती, म्हाताऱ्या घोडीत फुटते, बाहेर एक थेंब दिसत नाही. डॉक्टर धावत आले. रक्त किती गेलंय ते हिरडीच्या रंगावर कळतं, म्हणून त्यांनी काय केलं, तर तिचा ओठ वर केला. हिरडी कागदासारखी पांढरी. आणि तिच्याखाली ती रेघ. भला माणूस होता, मनात काही नव्हतं त्याच्या, फक्त म्हणाला, "ही तर एकोणिसाची आहे, हिला कशाला लावलीत?" आणि मुलगा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं डॉक्टरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

घोडी तासाभरात गेली.

शिंगरू? हे काय, समोर आहे की. दर दोन तासांनी बाटली, आईशिवाय वाढलं, म्हणून असं बुटकं राहिलं. साहेबांचा सख्खा मुलगा आहे कारकून! हसा, हसा आता, मीही हसते कधी कधी, बाप असा आणि पोर असं. विकत कोणी घेईना, मी कोणाला देईना, मग कामाला लावलं.

मुलगा बरा आहे. पूल बांधतो, मोठाले, फोटो पाठवतो. दर रविवारी फोन करतो. आधी कारकून कसा आहे, मग मी कशी आहे. घोडी गेली त्याचं त्यानं मनात ठेवलं नाही, मला माहितीय, घोडी जाते, तबेल्यात वाढलेल्या पोराला ते कळतं. ते दुसऱ्याच्या तोंडून कळलं — ते मात्र राहिलं. मी सांगते त्याला, गुडघा बरा आहे, झोप लागते. तो म्हणतो, बरं आई. आणि फोन ठेवून नालबंदाला फोन लावतो, आईचा गुडघा खरंच बरा आहे का. हे नालबंदानं मला सांगितलं, त्याला वाटलं मला बरं वाटेल, मुलगा काळजी करतो म्हणून. चौदा वर्षं झाली. माझ्या तोंडचं काहीही तो दुसऱ्याला विचारून घेतो. तबेल्याच्या भिंतींना चुना किती लागेल हेसुद्धा. जाऊ दे. चहा निवला तुमचा, दुसरा टाकू? नको? मलाही नकोच.

तर आज मी साहेबांना बाहेर काढणार नाही. दुप्पट फी द्या, नाही. राहणार नाही असं मला छातीठोक सांगता येत नाही, आणि राहिली तर तुमच्या घरी काय होईल ते मला चांगलं सांगता येतं. घोडीचं म्हणाल तर ठणठणीत आहे ती, पाय उत्तम, हलकं काम द्या, अजून पाच-सहा वर्षं मुलगी मजेत बसेल तिच्यावर. शिंगराची हौस असेल तर तोडलेलं शिंगरू विकत मिळतं, मीच बघून देईन, वरचा दातही बघून देईन या वेळी. हे सगळं सोपं आहे. अवघड काय आहे ते तुम्हालाही माहितीय.

काय? मी? नाही हो. छे. मी मुळीच नाही सांगणार तिला. "तुम्ही जाणकार आहात, तुमच्या तोंडून तिला पटेल" — अहो, पटेल म्हणूनच नाही! आत्ता एवढा वेळ मी काय भिंतीला सांगत होते? माझ्याकडून कळलं की तुमचं झालं. मग ती वीस वर्षांची होईल, तीस वर्षांची होईल, आणि तुम्ही म्हणाल बाळ, मला काही झालेलं नाही, साधा खोकला आहे, आणि ती मान हलवेल आणि बाहेर जाऊन दुसऱ्याला विचारेल. आई कशानं गेली तेही पुन्हा विचारेल कोणालातरी, खरं काय होतं म्हणून. ते चालेल तुम्हाला? नाही ना. मग. आणि आईच्या वेळचं कारण आहे तुमच्याकडे, चांगलं कारण आहे, ते सांगा तिला जसं मला सांगितलंत तसं. मला दोन वाक्यांत सांगितलंत, मला रडू यायचं राहिलं. रागावेल. रागावू द्या. वही फेकेल कदाचित. उचला आणि परत द्या.

गप्प बसा, येतेय ती. रुमाल आहे का? तुमच्यासाठी विचारतेय.

ये गं, ये. पायपुसण्यावर चिखल काढ, हां. कारकुनानं बाही चावली? चावतो तो, त्याला माणसं आवडली की चावतो. काय? आज लावणार का? नाही, आज नाही. का, ते मी नाही सांगत बाळ, बाबा सांगतील. नाही, आजारी नाही ती, अगदी छान आहे. तू बस. अं, त्या खुर्चीवर नको, ती मोडकी आहे, ही माझी घे. जरा पुढे ओढ, बाबांच्या समोर. हं. डॉक्टर, मी घोडीपाशी आहे, तिला पाणी दाखवते. मला हाक मारू नका. दार ओढून घेतेय.